दोनशिक्षकी शाळेत वाचन-लेखनाचा वेळ कसा बसवायचा?

बुलढाणा : पहिली ते चौथी चार वर्ग अन् गुरुजी दोनच, अशा जिल्हा परिषद शाळा आपल्याकडे गावोगाव आहेत. गुरुजी एका वर्गाला शिकवतात तेव्हा दुसऱ्याने करायचं काय? फळ्यावरचं उतरवून काढणं म्हणजे लेखन नव्हे. परिपाठानंतरची २० मिनिटं रोज मुलांच्या स्वतःच्या वाचनाला द्यावीत, तेवढाच वेळ दुपारी लेखनाला.

पुस्तकं कपाटात कुलपाखाली राहिली तर उपयोग शून्य. खिडकीच्या गजांना दोरी बांधून मुलांच्या हाताला येतील अशी लटकवावीत. फाटली तर चिकटवता येतात. जोडाक्षरं नसलेली पुस्तकं वेगळ्या दोरीवर. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ पासून निघतं. जुने अंक चौथीला चालतात. पहिलीची पोरं नुसती चित्रं पाहतात, पाहू द्यावीत.

लेखनाची वही वेगळी. पोरानं ‘वावर’ लिहिलं तर लाल शाईनं ‘शेत’ करू नये. जळगाव जामोद, संग्रामपूरकडच्या कोरकू मुलांची तर घरची बोलीच निराळी. त्यांनी आधी चित्र काढावं, गुरुजींनी विचारून खाली शब्द लिहावा.

सोंगणी-वेचणीत हजेरी घटते. आठ दिवसांनी आलेल्या मुलाचा धडा पुढे गेलेला असतो. पुस्तक मात्र सोडलं तिथूनच सुरू होतं. तिसरीपर्यंत समजून वाचता यावं, हे २०२१ च्या निपुण भारत अभियानाचं उद्दिष्ट आहे. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन होतो, फोटो निघतात. नेमकी तेव्हाच सोयाबीनची घाई असते.