विवाहवस्त्राची निगा : एक अल्प इतिहास

वरात आली, सत्यनारायणाची पूजा झाली आणि पाहुणे आपापल्या गावी परतले, म्हणजे घरातील वडीलधारी स्त्री नव्या सुनेची लग्नातील वस्त्रे घेऊन माजघरात बसे. सन १९७० च्या सुमारास, आमच्या बालपणी, कोळगावात हे दृश्य आम्ही अनेक लग्नघरी पाहिले आहे. आज आपल्या कोळगावात सन २०१४ साली निर्माण झालेल्या पालघर जिल्ह्याच्या मुख्यालयाचे संकुल आहे. तेव्हा ते भातशेतीचे लहान गाव होते. परंतु रेशमी वस्त्र कसे राखावे याचे ज्ञान त्या लहान गावातील स्त्रियांजवळ होते. त्याचे थोडे स्मरण ज्ञातिबांधवांस व भगिनींस करून द्यावे, हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

महाराष्ट्रात विवाहप्रसंगी वधूस नेसविण्याच्या वस्त्रांत पैठणी व शालू यांचा मान मोठा. पैठणी ही गोदाकाठच्या पैठणची. पुढे नाशिक जिल्ह्यातील येवला हे तिचे मुख्य केंद्र झाले. सन २०१० मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. तिचा पदर दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो, कारण धाग्यात धागा गुंतवून ती विणलेली असते. शालू हा मूळचा बनारसचा. त्याच्या उलट बाजूस पुष्कळदा जरीचे सुटे धागे असतात व ते बांगडीत किंवा जोडव्यात अडकून तुटतात. म्हणून जुन्या स्त्रिया शालूची घडी घालताना हातातील कंगन उतरवून ठेवीत.

अस्सल जर म्हणजे रेशमी धाग्यावर गुंडाळलेली चांदीची चपटी तार व तीवर सोन्याचा मुलामा. पालघरहून उत्तरेस जाणारी गाडी ज्या सुरतेस पोहोचते, ते शहर या जरीच्या उद्योगासाठी प्रसिद्ध आहे. हवेतील गंधकयुक्त वायूंनी चांदी काळवंडते, आणि दमट हवेत ही क्रिया अधिक वेगाने होते. समुद्रकाठच्या आपल्या भागात पावसाळ्याचे चार महिने कापडास बुरशीचेही भय असते. तरीदेखील जुनी वस्त्रे दोन-दोन पिढ्या टिकत, याचे कारण काय?

आमच्या मते याचे कारण असे की, ती वस्त्रे वापरात असत. मंगळागौर, संक्रांतीचे हळदीकुंकू, डोहाळेजेवण, बारसे अशा प्रसंगी लग्नाचा शालू पुन्हा नेसला जाई. त्या निमित्ताने त्यास वारा लागे, जुनी घडी मोडून नवी पडे आणि डाग वेळेवर दृष्टीस येई. इंग्लंडची व्हिक्टोरिया राणी सन १८४० साली विवाहबद्ध झाली; तिच्या विवाहवेषावरील लेस तिने पुढे अनेक कौटुंबिक समारंभांत वापरली. राणीच्या महालात व आपल्या माजघरात रीत एकच होती.

ही रीत मोडली म्हणजे काय होते, हे आम्ही स्वतःच्या घरी अनुभविले आहे. आमच्या आजीचा डाळिंबी शालू तिच्या पश्चात वर्तमानपत्रात गुंडाळून लोखंडी ट्रंकेत पडला होता. सन १९८४ च्या पावसाळ्यानंतर ट्रंक उघडली, तो शालू घडीघडीवर विरला होता, गंजाचे डाग पडले होते आणि जर काळी ठिक्कर झाली होती. ती खोटी असावी असे समजून आम्ही तो शालू दारावर आलेल्या जुन्या जरीच्या व्यापाऱ्यास दिला. त्याने अंगणातच एक टोक जाळून पाहिले. केस जळाल्यासारखा वास सुटला, आणि राखेत पांढऱ्या चांदीचा कण निघाला. जर अस्सल होती. आमच्या मातोश्री त्या वेळी काहीच बोलल्या नाहीत; पदराचा वीतभर तुकडा मात्र त्यांनी आधीच कापून ठेवला होता. तो आज आमच्या देवघरात आहे. आमच्या मुलीने एकदा विचारले, "बाबा, बाकीचा शालू कुठे आहे?" आम्हांस उत्तर देता आले नाही.

म्हणून जुन्या स्त्रियांची पद्धत येथे नमूद करतो. वस्त्र अंगावरून उतरताच घडी घालू नये. घामाचा क्षार रेशीम खातो, यास्तव ते सावलीत दोरीवर पसरून वाळवावे. हळदीच्या डागास साबण लावू नये. तो लाल होतो. सुती वस्त्रावरील असा डाग उन्हाने फिकटतो, पण रेशीम उन्हात टाकणे योग्य नव्हे. पैठणी वा शालू घरी भिजवू नये. डाग असल्यास जाणत्या धुलाईवाल्यास तो दाखवून मगच द्यावा. साधे रेशमी वस्त्र, रंग पक्का असल्यास, रिठ्याच्या पाण्यात हलक्या हाताने धुवावे. जर चिंच-लिंबाने घासू नये. मुलामा निघून जातो व रंग फुटतो. अत्तर जरीवर पडू देऊ नये. वस्त्र धुतलेल्या जुन्या मलमलीत गुंडाळावे. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल कोंडते. किडीसाठी वेखंडाची पुरचुंडी बाजूस ठेवावी. डांबरगोळी कापडास टेकू देऊ नये. दसऱ्याच्या सुमारास, हवा कोरडी झाली म्हणजे, वस्त्र उघडून सावलीत वारा द्यावा व दर तीन-चार महिन्यांनी घडी बदलावी, म्हणजे जरतार एकाच रेषेवर तुटत नाही.

आजची बहुतेक जर तांब्याची किंवा कृत्रिम धाग्याची असते. त्यामुळे ज्यांच्या घरी आजी-पणजीचे वस्त्र अद्याप आहे, त्यांच्याजवळ पुन्हा न मिळणारी वस्तु आहे. जर काळी पडली एवढ्यावरून ते टाकाऊ ठरवू नये. ते विकण्यापूर्वी घरातील मुलींस एकदा विचारावे आणि शक्य तर कोणा मुलीने ते एखाद्या मंगलप्रसंगी नेसावे. जे आमच्या हातून घडले ते आपल्या ज्ञातीतील अन्य घरी न घडो, एवढीच नम्र विनंती करून हा लेख पुरा करतो.