एककर्णी बधिरता : एका व्याख्येचा इतिहास

'एका कानाने ऐकावे व दुसऱ्याने सोडून द्यावे' या आपल्या उक्तीत एक गृहीतक नकळत दडलेले आहे. ते असे की, ऐकण्याचे काम एका कानाने भागते. हेच गृहीतक कायद्याच्या परिभाषेतही आढळते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याच्या परिशिष्टात बधिर व्यक्तीची व्याख्या करताना ७० डेसिबलांच्या श्रवणऱ्हासाची अट घातली आहे आणि तो ऱ्हास 'दोन्ही कानांत' असला पाहिजे असे म्हटले आहे. ज्याचा एक कान पूर्णपणे निकामी व दुसरा निकोप आहे, असा मनुष्य या व्याख्येत बसत नाही. हे गृहीतक वैद्यकात कसे रूढ झाले आणि कॉक्लिअर रोपणाच्या इतिहासात ते कसे ढळले, याचा विचार प्रस्तुत निबंधात करावयाचा आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. दोन कानांचे महत्त्व शास्त्राला अज्ञात होते असे नाही. लॉर्ड रॅले यांनी १९०७ मध्येच ध्वनीची दिशा कशी कळते याची उपपत्ती मांडली होती. बाजूने येणारा ध्वनी जवळच्या कानी किंचित आधी पोहोचतो. हे अंतर फार तर सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या दोन-तृतीयांशाइतके असते. शिवाय उच्च कंप्रतेच्या ध्वनीला मस्तकाचा अडथळा होतो व दूरचा कान जणू ध्वनीच्या छायेत राहतो. कॉलिन चेरी यांनी १९५३ मध्ये केलेले प्रयोग तर भाषेच्या अभ्यासकाला अधिकच जवळचे आहेत. एकाच आवाजातील दोन निवेदने एकत्र मिसळून ऐकवली, तर ती वेगळी करताना श्रोत्याची त्रेधा उडे. तीच दोन निवेदने दोन कानांत वेगवेगळी सोडली, की त्यांपैकी एकाचा मागोवा घेणे त्याला सहज साधे. बोलणे समजण्याचा एक मोठा भाग म्हणजे नको असलेले बोलणे बाजूला सारणे होय, हे त्यावरून दिसून आले.

असे असूनही चिकित्सालयात एका कानाचे बहिरेपण ही किरकोळ गैरसोय मानली गेली. याचे कारण मापनाच्या पद्धतीत शोधावे लागते. श्रवणमापक यंत्रापुढे मनुष्य निःशब्द खोलीत बसतो. तेथे त्याला शुद्ध स्वर किंवा सुटे शब्द ऐकवतात. या कसोटीला एक निकोप कान पुरेसा ठरतो. परंतु भाषा निःशब्द खोलीत नांदत नाही. ती वर्गात, स्वयंपाकघरात, बाजारात, चारचौघांच्या बैठकीत नांदते. फ्रेड बेस व अ‍ॅन मेरी थार्प यांनी १९८४ मध्ये एककर्णी श्रवणऱ्हास असलेल्या साठ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील सुमारे ३५ टक्के मुले निदान एका इयत्तेत तरी अनुत्तीर्ण झालेली होती. एक कान पुरेसा असल्याचे आश्वासन ज्यांच्या पालकांना मिळत असे, अशीच ही मुले होती.

उपाय म्हणून जी साधने निघाली तीही जुन्या गृहीतकाशी सुसंगतच होती. हार्फर्ड व बॅरी यांनी १९६५ मध्ये वर्णिलेल्या 'क्रॉस' पद्धतीत बधिर बाजूचा ध्वनी ध्वनिग्राहकाने टिपून निकोप कानाकडे पोहोचवला जाई. कवटीच्या हाडात बसवावयाच्या श्रवणयंत्राचे तत्त्वही या रुग्णांच्या बाबतीत तेच होते. मस्तकाच्या छायेवर त्यामुळे मात करता येते, हे खरे. परंतु दोन बाजूंचे ध्वनी एकाच कानात येऊन मिसळतात. चेरी यांच्या प्रयोगातील बिकट स्थिती ती हीच. ऐकणारा कान अखेर एकच राहतो.

बधिर कानालाच ऐकू यावे अशी शक्यता कॉक्लिअर रोपणाने निर्माण केली. पॅरिस येथे १९५७ मध्ये जुर्नो व एरिएस यांनी श्रवणमज्जेला प्रत्यक्ष विद्युत्-उद्दीपन दिले. १९६१ मध्ये लॉस एंजेलिस येथे विल्यम हाउस यांनी व १९७८ मध्ये मेलबर्न येथे ग्रॅएम क्लार्क यांनी या प्रयत्नांना पुढचे रूप दिले. क्लार्क यांच्या बहुमार्गी यंत्राला अमेरिकेत १९८५ मध्ये प्रौढांसाठी मान्यता मिळाली. परंतु हे सर्व दोन्ही कानांनी बधिर असलेल्यांसाठी होते, आणि त्यामागची सावधगिरी अनाठायी म्हणता येणार नाही. काही मोजक्या इलेक्ट्रोडांनी निर्माण झालेला ओबडधोबड ध्वनी निकोप कानाच्या नैसर्गिक ध्वनीशी जुळेल काय, की उलट त्यात व्यत्यय आणील, ही शंका रास्तच होती.

ती कोंडी फुटली ती वेगळ्याच दिशेने. एक कान अकस्मात बधिर झालेल्या अनेकांना त्याच कानात अखंड कर्णनाद ऐकू येतो, व काहींच्या बाबतीत तो असह्य होतो. अँटवर्प येथे पॉल व्हॅन डी हेनिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा २१ रुग्णांवर रोपण केले व त्याचा वृत्तांत २००८ मध्ये प्रसिद्ध केला. ऐकू यावे हा तेथे मुख्य हेतू नव्हता. नाद शमावा हा होता. दहाच्या मापावर नादाची तीव्रता सरासरी ८.५ होती, ती दोन वर्षांनंतर २.५ वर आली. रुग्णांना निकोप कानाबरोबर हे यंत्र वापरता येते, हेही ओघानेच सिद्ध झाले. मग २०११ मध्ये फ्रायबुर्ग येथील सुझान आर्न्ट प्रभृतींनी अकरा रुग्णांची वरील दोन्ही साधनांशी तुलना करून तपासणी केली. दिशा ओळखण्यात व गोंगाटात बोलणे समजण्यात रोपण सरस ठरले, आणि निकोप कानाच्या कार्यात व्यत्यय आला नाही.

या यशाचे स्वरूप मात्र नीट पाहिले पाहिजे. बोलणारा बधिर बाजूला व गोंगाट निकोप बाजूला असेल, तेव्हा लाभ सर्वांत मोठा असतो. दोन कानांकडून आलेल्या माहितीचे मेंदूत जे सूक्ष्म संयोजन होते, त्याचा लाभ त्या मानाने अल्प असतो. दिशाज्ञान सुधारते, पण ते मुख्यतः दोन बाजूंच्या तीव्रतेतील फरकावर आधारलेले असते; काळाचा सूक्ष्म फरक यंत्र पुरेसा पोहोचवू शकत नाही. वयाचाही प्रश्न आहे. एकाच कानाने ऐकत वाढलेल्या मांजरांचा क्राल प्रभृतींनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास असे दाखवतो की, लहान वयातच मेंदू ऐकणाऱ्या कानाच्या बाजूला झुकतो. जन्मतः एका कानाने बधिर असलेल्या व्यक्तीला प्रौढपणी रोपणाचा लाभ म्हणूनच मर्यादित मिळतो. अशा काही मुलांत त्या बाजूची श्रवणमज्जाच अविकसित असते; तेथे रोपणाचा उपयोग नाही.

भाषाशास्त्राच्या दृष्टीने या रुग्णांचे आणखी एक महत्त्व आहे. रोपणाने ऐकू येणारा शब्द नेमका कसा असतो, हे दोन्ही कानांनी बधिर असलेला मनुष्य केवळ स्मृतीच्या आधारे सांगू शकतो. एककर्णी रुग्ण मात्र दोन्ही अनुभव त्याच क्षणी शेजारीशेजारी ठेवतो. एरिझोना राज्य विद्यापीठातील मायकेल डॉर्मन यांनी हीच संधी साधली. निकोप कानात सोडलेले वाक्य पालटत पालटत ते रोपणाच्या ध्वनीसारखे होईपर्यंत त्यांनी रुग्णांचा कौल घेतला. संशोधक ज्या घोगऱ्या, कुजबुजत्या अनुकृतीवर दीर्घकाळ विसंबून होते, ती पुष्कळांनी नाकारली. कोणाला आवाज दबलेला वाटला, तर कोणाला पट्टी चढलेली व स्वरांचे फॉर्मंट वर सरकलेले वाटले. इलेक्ट्रोड कॉक्लियाच्या टोकापर्यंत पोहोचत नाहीत. त्यामुळे खालच्या कंप्रतेची माहिती वरच्या कंप्रतेच्या जागी उतरते, हे त्याचे एक कारण होय.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जुलै २०१९ मध्ये पाच वर्षांवरील एककर्णी बधिरांसाठी रोपणास प्रथम मान्यता दिली. रॅले यांच्या उपपत्तीपासून या निर्णयापर्यंत ११२ वर्षे लोटली. या अवधीत मानवी कान बदलला नाही. बदलले ते साधन, आणि त्याबरोबर श्रवण कोठे मोजावयाचे हा प्रश्न. नव्या अभ्यासांत ध्वनिक्षेपक रुग्णाच्या चहूबाजूंनी मांडले गेले व बोलण्यासोबत गोंगाट ठेवला गेला, तेव्हा एका कानाची उणीव आकड्यांत दिसू लागली. आपल्या कायद्यातील 'दोन्ही कानांत' हे शब्द निःशब्द खोलीतील कसोटीला धरून आहेत. ते पालटावेत की नाही, हे ठरवताना खर्चाचा व अग्रक्रमाचा विचार करावा लागेल. दोन्ही कानांनी बधिर असलेल्या बालकाची निकड निःसंशय मोठी आहे. परंतु गजबजलेल्या वर्गात चुकीच्या बाजूला बसलेले एखादे मूल लक्ष देत नाही असे म्हणण्यापूर्वी, त्याला कोणत्या बाजूने ऐकू येते हे विचारणे एवढे तरी कोणत्याही व्याख्येवाचून शक्य आहे. तेवढे ध्यानात आले, तरी प्रस्तुत विवेचनाचा हेतू सफल झाला असे म्हणता येईल.