पर्जन्यमापकाची उधळपट्टी

पाऊस मोजणं हे मुळात बँकवाल्यांचं काम आहे. हे माझं म्हणणं नाही, कौटिल्याचं आहे. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात त्याने सन्निधात्याची कर्तव्यं सांगितली आहेत. सन्निधाता म्हणजे राजाचा कोश आणि कोठारं सांभाळणारा अधिकारी. आमच्या भाषेत ट्रेझरी मॅनेजर. त्याने कोठाराशी एक हात रुंद तोंडाचं कुंड ठेवावं आणि त्यावर पाऊस मोजावा, असा नियम आहे. कारण उघड आहे. पाऊस कळला की पीक कळतं, पीक कळलं की सारा किती येणार ते कळतं. एरवी राजाला ढगांशी काय देणंघेणं?

पुढे शेतीखात्याच्या प्रकरणात त्याने प्रांतवार आकडेही दिले आहेत. अश्मक देशात साडेतेरा द्रोण, अवंतीत तेवीस द्रोण, आणि अपरान्तात, म्हणजे आपल्या कोकणात, अमित. मोजायच्या पलीकडे! इतका काटेकोर माणूस, अर्ध्या द्रोणाचा हिशेब ठेवणारा. पण कोकणचा पाऊस बघून त्यानेही लेखणी खाली ठेवली. आमच्या शाखेत कुणी रकमेच्या रकान्यात ‘अमित’ लिहिलं असतं तर इन्स्पेक्शनवाल्यांनी त्याला उभ्या उभ्या चार्जशीट दिलं असतं.

तर मुद्दा असा की, या कुंडाला सेल लागत नव्हते.

कुंडाला लागायचा एक माणूस. पुढची दोन हजार वर्षं पाऊस मोजण्याच्या शास्त्रात बरीच सुधारणा झाली, पण हा माणूस काही सुटला नाही. मुंबईला कुलाब्याची वेधशाळा १८२६ ची. हवामान खातं १८७५ साली निघालं, आणि १९२८ मध्ये त्याचं मुख्य कार्यालय सिमल्याहून पुण्याला आलं, म्हणून तर शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला पुणेकर ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. इंग्रज साहेबांच्या देशातल्या सायमन्स नावाच्या गृहस्थाच्या नावाचा पर्जन्यमापक आपल्याकडे तहसील कचेऱ्यांच्या आवारात रुजला. वर पाच इंची नरसाळं, आत बाटली, जमिनीपासून जेमतेम फूटभर उंच. रोज सकाळी साडेआठ वाजता एका माणसाने यायचं, बाटलीतलं पाणी मापाच्या पेल्यात ओतायचं, डोळा पाण्याच्या पातळीला आणायचा आणि आकडा वहीत मांडायचा. अडीच मिलिमीटर भरला तरच तो ‘पर्जन्यदिन’; त्याखाली पडला तर कपडे भिजतात, पण सरकारदफ्तरी तो पावसाचा दिवस नाही.

असा एक माणूस आमच्या घरी आहे. माझे सासरे, अण्णा. तहसीलमधून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. नोकरीत काही वर्षं साडेआठचा पेला त्यांच्याकडे होता, आणि त्या काळात त्यांनी एकाही लग्नाची सकाळची पंगत गाठली नाही, असं सासूबाई सांगत. त्यांचं घर सांगलीत गावभागात. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलाशी कृष्णेने सत्तावन्न फुटांची खूण ओलांडली (पंचेचाळिसाला धोक्याची पातळी सांगतात), तेव्हा कुपवाडला आमच्याकडे नऊ माणसं आली. आठ परत गेली. अण्णा राहिले. येताना त्यांनी अंगावरच्या कपड्यांखेरीज एकच गोष्ट आणली होती: पावसाच्या नोंदींची वही, प्लॅस्टिकच्या तीन पिशव्यांत गुंडाळलेली.

पुढे माझा मेव्हणा, म्हणजे अण्णांचा मुलगा, जो न्यू जर्सीत असतो, त्याने वडिलांसाठी घरगुती हवामान केंद्र धाडलं. गच्चीवर खांबाला एक पांढरं यंत्र, दिवाणखान्यात एक पडदा. वरचं यंत्र पाऊस, उष्णता, आर्द्रता मोजतं आणि दर मिनिटाला बिनतारी खाली कळवतं. जिना चढायला नको. “जावईबापू, आता माणसाची गरज संपली,” अण्णा म्हणाले. आवाजात कौतुक होतं की दुसरं काही, ते मला कळलं नाही.

पावसाचं माप माणसाशिवाय ठेवायची ही कल्पना नवी नाही. लंडनला सेंट पॉलचं चर्च बांधणाऱ्या ख्रिस्तोफर रेनने १६६० च्या दशकातच डोलत्या पात्राचा पर्जन्यमापक योजला होता. लहान मुलांची डुलणारी सी-सॉ असते ना, तशी दोन कप्प्यांची चिमुकली पन्हळ. एक कप्पा भरला की वजनाने कलतो, पाणी सांडतो आणि दुसरा कप्पा नरसाळ्याखाली येतो. कलंडण्या मोजल्या की पाऊस कळला. आमच्या गच्चीवरही आत हेच पात्र आहे. साडेतीनशे वर्षांत बदललं ते एवढंच की, पात्राला इवलासा लोहचुंबक चिकटवलाय आणि समोर काचेच्या नळीत दोन पोलादी पात्या आहेत. चुंबक पुढून गेला की पात्या क्षणभर चिकटतात, वीज वाहते, एक कलंडणी जमा. ही पात्यांची कळ अमेरिकेत बेल कंपनीच्या प्रयोगशाळेत १९३६ साली निघाली. रेनच्या यंत्राला घड्याळाची वजनं पुरत होती, हवामान खात्याच्या स्वयंलेखी मापकाला चावी पुरत होती. आता सेल आले. माणूस कामावरून काढला आणि त्याच्या जागी दोन सेल नेमले, असाच हा प्रकार.

आणि हे दोन सेल जानेवारीपासून पाच आठवड्यांत मान टाकू लागले. पुस्तिकेत आयुष्य लिहिलं होतं एक वर्षाच्या वर.

घरात एखादी वस्तू बिघडली की घराची वेधशाळा होते. प्रत्येकाचा अंदाज वेगळा. आमच्या सौ.च्या मते सेल नकली. शेजाऱ्यांच्या मते स्लॅबची सळई लहरी अडवते. मेव्हण्याने न्यू जर्सीहून फोनवर सांगितलं, “थंडीमुळे असेल, सेलमधलं रसायन गारठतं.” त्याच्याकडे हे अगदी खरं आहे, साध्या सेलच्या आत पाण्यातलंच रसायन असतं आणि बर्फात ते मंदावतं, पण त्या वेळी कुपवाडच्या एमआयडीसीत मार्चच्या उन्हाने पत्रे तडतडत होते. अण्णांनी जुनी युक्ती केली. सेल उन्हात ठेवले. ट्रान्झिस्टरच्या जमान्यात खिडकीखिडकीतून असे सेल पापडांशेजारी वाळत असत, आणि खरोखरच बिनाका संपेपर्यंत साथ द्यायचे. ऊब मिळाली की उरलंसुरलं रसायन थोडं भराभर चालतं, इतकंच. शिल्लक त्याने वाढत नाही.

सेलचा जन्मच मुळी हवामानाच्या भानगडीतून झालेला आहे. इटलीत बोलोन्याला गॅल्व्हानी नावाचे डॉक्टर होते. ढगांतली वीज ओळखायला त्यांनी मेलेल्या बेडकांचे पाय पितळी आकड्यांनी लोखंडी कठड्यावर टांगले. वीज चमकली की पाय झटका देत. इथपर्यंत आपल्याला नवल नाही. बेडूक आणि पाऊस यांचा संबंध आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल. पण निरभ्र आकाश असतानाही पाय उडायला लागले! गॅल्व्हानी म्हणाले, वीज बेडकात आहे. व्होल्टा म्हणाले, बेडूक बिचारा निमित्त, वीज दोन वेगळ्या धातूंच्या संगतीत आहे. आणि ते सिद्ध करायला त्यांनी चांदी, जस्त आणि मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या चकत्या यांची चळत रचली. १८०० सालच्या मार्चमध्ये ही हकिकत त्यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवली. तोच पहिला सेल. पुढे १८६६ मध्ये लक्लांशेने काचेच्या बरणीतला सेल केला, १८८६ मध्ये गासनरने त्यातलं पातळ रसायन घट्ट करून जस्ताच्या डबीत भरलं, आणि १९५० च्या दशकाअखेरीस लुईस उरीने अल्कलाइन सेल आणला. सांगायचा मुद्दा, एका बिघडलेल्या हवामान यंत्रातून, म्हणजे बेडकातून, सेल निघाला, आणि सव्वादोनशे वर्षांनी तो फिरून हवामान यंत्रात येऊन मेला.

मी बी.कॉम. झालेला माणूस. मला विजेतलं कळत नाही, पण खातं कळतं. सेल म्हणजे शिल्लक, यंत्र म्हणजे खर्च. मग ताळा का लागू नये?

चांगल्या अल्कलाइन पेन्सिल सेलची शिल्लक असते सुमारे अडीच हजार मिलिअँपिअर-तास. दोन सेल एकामागे एक लावले की दाब दुप्पट होतो, तीन व्होल्ट. शिल्लक मात्र तेवढीच राहते. (हे संयुक्त खात्यासारखं नाही, हे सौ.ला समजावताना रात्रीचे अकरा वाजले.) वर्षाचे तास आठ हजार सातशे साठ. म्हणजे वर्षभर पुरवायचं तर यंत्राने सरासरी पाव मिलिअँपिअरच्या आसपास खर्च करावा. हे यंत्र बहुतेक वेळ झोपलेलं असतं, मिनिटाला एकदा जागं होऊन आकडा ओरडतं आणि पुन्हा झोपतं. आता पाच आठवडे म्हणजे आठशे चाळीस तास. अडीच हजाराला आठशे चाळिसाने भागा. तीन मिलिअँपिअर. अहोरात्र, एकसारखे तीन! ठरल्याच्या बारापट.

एवढा खर्च नकली सेलने होत नाही. नकली सेलची शिल्लक कमी असते, पण ती दर जोडीला पाच आठवडे अशी नेमाने संपत नाही. स्लॅबवरही आळ येत नाही. गच्चीवरचं यंत्र नुसतं ओरडतं, ऐकलं की नाही हे त्याला कळतच नाही. लहर अडली तर हुडकण्यात दिवाणखान्यातला पडदा दमेल, वरचा नाही. कुठेतरी एखादा नळ सताड उघडा राहिला होता.

उलगडा केला मे महिन्यातल्या पहिल्या वळवाने. पन्हळी भरभरून वाहत होत्या, अंगणात गारा, आणि पडद्यावर पाऊस: शून्य. उष्णता बरोबर, आर्द्रता बरोबर, पाऊस शून्य. पाऊस थांबल्यावर एमआयडीसीतला ओळखीचा इलेक्ट्रिशियन मल्टीमीटर घेऊन आला. खर्च भरला तीन मिलिअँपिअर. ताळा लागल्याचा जो आनंद मार्चअखेरीला रात्री अकराला होतो, तो मला मे महिन्यात भर गच्चीवर झाला. मग त्याने नरसाळं उचललं. डोलत्या पात्राखाली कुंभारीण माशीने मातीचं सुबक घर बांधलं होतं. पात्र ना डावीकडे ना उजवीकडे, बरोब्बर मध्ये अडकलेलं. चुंबक नेमका काचेच्या नळीसमोर. पात्या चिकटलेल्या त्या चिकटलेल्या. त्या वाटेवर एक हजार ओहमचा रोधक होता. तीन व्होल्ट भागिले हजार, तीन मिलिअँपिअर. पै न् पै जुळली. मातीचं घर खरवडल्यावर काटा इतका खाली आला की त्याने मीटरचं बटण दोनदा फिरवून पाहिलं.

सगळे हसले. अण्णा हसले नाहीत. ते खाली जाऊन वही घेऊन आले.

“सेल संपले त्या दिवशी मी काय लिहिलंय बघा,” ते म्हणाले. तिथे ‘नोंद नाही’ असं होतं. मग त्यांनी मार्चमधलं एक पान काढलं. एका रात्री अवकाळीची सर येऊन गेली होती, सकाळी रस्ता ओला होता. पडद्यावर शून्य होतं म्हणून त्यांनी शून्य लिहिलं होतं.

बँकेत कोरा रकाना आणि शून्य यांतला फरक शिपायालाही कळतो. कोरा रकाना म्हणतो, मला माहीत नाही. शून्य म्हणतं, मी मोजलं, काही नव्हतं. जानेवारीपासून आमचं यंत्र ठणठणीत आवाजात खोटं शून्य सांगत होतं, आणि सेल बिचारे दर पाच आठवड्यांनी प्राण देऊन तक्रार नोंदवत होते. ते वर्षभर टिकले असते तर वर वळवापर्यंत कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं.

ही एका घराची गोष्ट. पण २०१७ नंतर राज्यात दोन हजारांवर महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रं उभी राहिली. त्यांच्यावर सौरपट्टी असते, सेलची अशी ददात नसते. डोलतं पात्र असलं तर कुंभारीण तिथेही येऊ शकते. तासगाव-मिरजेच्या द्राक्षबागायतदाराचा हवामानावर आधारलेला फळपीक विमा अशा केंद्रांच्या आकड्यांवर ठरतो. बागेत घड कुजले आणि केंद्रात शून्य, तर त्याने दाद कुणाकडे मागायची? आणि पावसाळ्यात सांगलीकर उठल्या उठल्या जे तीन आकडे विचारतो, कोयना, नवजा, महाबळेश्वर, ते काही हौसेने नाही. आपल्याकडे वर्षाला पडतो जेमतेम सहाशे मिलिमीटरच्या आसपास. घाटमाथ्यावर पाच हजारांच्या वर. गावभागातल्या माणसाने माळ्यावर धान्य कधी चढवायचं, हे शंभर किलोमीटर पलीकडचं एखादं नरसाळं ठरवतं. तिथल्या शून्याला किंमत असते.

अण्णांनी लाल शाईचं पेन मागितलं. जानेवारीपासूनची शून्यं एकेक करून आडव्या रेघेने छाटली, प्रत्येकाशेजारी ‘नोंद नाही’ लिहिलं आणि बारीक सही केली. मार्चच्या त्या तारखेला ‘रस्ता ओला’ असा शेरा वाढवला. दुसऱ्या दिवशी त्यांनी गच्चीवर यंत्राशेजारी दालड्याचा जुना सरळ डबा विटांमध्ये पक्का बसवला आणि नातवाची पट्टी ताब्यात घेतली. वहीत आता दोन रकाने आहेत, ‘यंत्र’ आणि ‘डबा’. जूनमध्ये सात तारखेला यंत्र अकरा सांगत होतं आणि डबा बारा. मी म्हटलं, एकाचा फरक सोडून द्या. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “तुमच्या बँकेत सोडतात?”