स्थलवाचक क्रियाविशेषणे, इंग्रजी व्याकरण

इंग्रजी व्याकरणात क्रिया कोठे घडते, कोणत्या दिशेने होते किंवा किती अंतरावर होते हे सांगणाऱ्या क्रियाविशेषणांना स्थलवाचक क्रियाविशेषणे असे म्हणतात. ‘कोठे?’ या प्रश्नाचे उत्तर म्हणून येणारा शब्द सामान्यतः या वर्गात मोडतो. ‘हिअर’, ‘देअर’, ‘आउटसाइड’, ‘अपस्टेअर्स’, ‘ॲब्रॉड’, ‘एव्हरीव्हेअर’ ही त्याची नेहमीची उदाहरणे होत. मराठीत स्थलवाचक क्रियाविशेषण अव्ययांचे स्थितिदर्शक आणि गतिदर्शक असे दोन पोटभेद मानतात. इंग्रजी शब्दांनाही ही विभागणी बऱ्याच अंशी लागू पडते.

प्रकार

* स्थितिदर्शक: क्रिया जेथे घडते ते ठिकाण सांगणारे शब्द. उदा. ‘ही इज वेटिंग आउटसाइड’ (तो बाहेर वाट पाहत आहे).
* गतिदर्शक: क्रियेची दिशा सांगणारे शब्द. उदा. ‘अप’, ‘डाउन’, ‘अवे’. ‘वर्ड’ किंवा ‘वर्ड्स’ हा प्रत्यय लागून झालेले शब्दही येथेच येतात. ब्रिटिश इंग्रजीत क्रियाविशेषण म्हणून ‘बॅकवर्ड्स’ हे रूप, तर अमेरिकी इंग्रजीत ‘बॅकवर्ड’ हे रूप अधिक रूढ आहे.
* अंतरदर्शक: ‘निअर’, ‘फार’, ‘निअरबाय’ इत्यादी.
* अनिश्चित स्थलदर्शक: ‘समव्हेअर’, ‘एनीव्हेअर’, ‘नोव्हेअर’. होकारार्थी विधानात सहसा ‘समव्हेअर’ येते, तर नकारार्थी आणि प्रश्नार्थक वाक्यांत बहुधा ‘एनीव्हेअर’ येते. ‘नोव्हेअर’ मध्ये नकार अंतर्भूत असल्याने प्रमाण इंग्रजीत त्याच्यासोबत ‘नॉट’ वापरत नाहीत.

इतिहास

जुन्या इंग्रजीत स्थिती, गंतव्य आणि उगम यांसाठी स्वतंत्र शब्द होते. त्यांची आधुनिक रूपे ‘हिअर–हिदर–हेन्स’, ‘देअर–दिदर–देन्स’ आणि ‘व्हेअर–व्हिदर–व्हेन्स’ अशी आहेत. मराठीतील ‘इथे–इकडे–इथून’ ही त्रयी अर्थदृष्ट्या पहिल्या गटाशी जुळते. पुढे स्थितिदर्शक शब्दांनीच गंतव्याचे कार्य स्वीकारले आणि उगम दाखविण्यासाठी ‘फ्रॉम हिअर’ अशी रचना रूढ झाली. त्यामुळे ‘इथे बस’ आणि ‘इकडे ये’ या दोन्ही वाक्यांसाठी आजच्या इंग्रजीत ‘हिअर’ हा एकच शब्द पुरतो. ‘हिदर’ आता मुख्यतः जुन्या वाङ्मयात किंवा ‘हिदर अँड दिदर’ सारख्या शब्दप्रयोगांत आढळतो. ‘हेन्स’ चा प्रचलित अर्थ ‘म्हणून’ असा झाला आहे.

वाक्यातील स्थान

मराठीत क्रियापद सहसा वाक्याच्या शेवटी असते आणि स्थलवाचक शब्द त्याच्या आधी येतो. इंग्रजीत तो सामान्यतः क्रियापदानंतर येतो. क्रियापदाला कर्म असल्यास प्रथम कर्म व नंतर स्थलवाचक शब्द, असा क्रम असतो. ‘शी रीड्स इंग्लिश अपस्टेअर्स’ ही रचना योग्य आहे. ‘शी रीड्स अपस्टेअर्स इंग्लिश’ ही अयोग्य आहे.

एकाहून अधिक क्रियाविशेषणे एकत्र आल्यास त्यांचा क्रम बहुधा रीती, स्थळ, काळ असा असतो: ‘द चिल्ड्रन प्लेड क्वाएटली आउटसाइड यस्टर्डे’. मराठीत मात्र ‘मुले काल बाहेर शांतपणे खेळली’ असा याच्या नेमका उलट क्रम स्वाभाविक वाटतो. गतिवाचक क्रियापदांबरोबर स्थळ रीतीच्या आधी येऊ शकते: ‘ही वॉक्ड होम स्लोली’.

‘हिअर’ आणि ‘देअर’ वाक्यारंभी आल्यास नामरूपी कर्ता क्रियापदाच्या मागे जातो: ‘हिअर कम्स द बस’. कर्ता सर्वनाम असल्यास असा बदल होत नाही: ‘हिअर इट कम्स’. ‘नोव्हेअर’ आरंभी आल्यास साहाय्यक क्रियापद कर्त्याच्या आधी येते: ‘नोव्हेअर डिड वी सी हिम’.

‘देअर’ चे दोन उपयोग

‘देअर इज अ वेल देअर’ (तेथे एक विहीर आहे) या वाक्यात पहिला ‘देअर’ केवळ अस्तित्व सूचित करतो. तो कर्त्याच्या जागी येतो व आघाताविना उच्चारला जातो. दुसरा ‘देअर’ स्थलवाचक क्रियाविशेषण आहे. अस्तित्वदर्शक ‘देअर’ ला मराठीत स्वतंत्र प्रतिशब्द लागत नाही.

शब्दयोगी अव्ययांशी संबंध

‘इनसाइड’, ‘अप’, ‘बिहाइंड’ इत्यादी शब्द दोन्ही प्रकारे वापरले जातात. ‘ही वेन्ट इनसाइड’ मध्ये ‘इनसाइड’ ला पारंपरिक व्याकरण क्रियाविशेषण मानते. ‘ही वेन्ट इनसाइड द हाउस’ मध्ये पुढे नाम असल्याने तोच शब्द शब्दयोगी ठरतो. (इंग्रजीतील हे शब्द नामाच्या आधी, तर मराठी शब्दयोगी अव्यये नामाच्या नंतर येतात.) डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ओटो येस्पर्सन यांनी १९२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द फिलॉसॉफी ऑफ ग्रामर’ या ग्रंथात अशा शब्दांना दोन निराळ्या वर्गांत टाकण्यास आक्षेप घेतला. रॉडनी हडल्स्टन आणि जेफ्री पुलम यांच्या २००२ मधील ‘द केंब्रिज ग्रामर ऑफ द इंग्लिश लँग्वेज’ मध्येही नामाविना आलेल्या अशा अनेक शब्दांना शब्दयोगीच मानले आहे. शालेय व्याकरणांत मात्र पारंपरिक वर्गीकरणच प्रचलित आहे.

मराठीभाषकांकडून होणाऱ्या चुका

‘घरी’, ‘परदेशात’, ‘वरच्या मजल्यावर’ या मराठी रूपांत स्थानाचा प्रत्यय किंवा अव्यय असते. त्यामुळे इंग्रजीतही ‘गो टू होम’, ‘गो टू ॲब्रॉड’ असे प्रयोग होतात. ‘होम’, ‘ॲब्रॉड’, ‘अपस्टेअर्स’ आणि ‘देअर’ ही क्रियाविशेषणे असताना त्यांच्याआधी ‘टू’ लागत नाही. मात्र ‘होम’ नाम म्हणून आल्यास ‘टू’ आवश्यक असतो: ‘ही वेन्ट टू हिज फ्रेंड्स होम’. तसेच उगम दाखविताना ‘फ्रॉम ॲब्रॉड’, ‘फ्रॉम देअर’ या रचना शुद्ध आहेत.