नाव पैठणचे, माग येवल्याचे

पैठणी कुठली, असे वर्गात विचारले की मुले एका सुरात सांगतात, "पैठणची!" चूक नाही. पण आज बहुतेक पैठण्या उतरतात त्या नाशिक जिल्ह्यातल्या येवल्याच्या मागांवरून.

जुने गॅझेटियर सांगते की, येवले वसवणाऱ्या रघोजी नाइकाने गुजरातेतला एक व्यापारी कारागिरांसह इथे आणला नि रेशमाच्या धंद्याचा मक्ता त्याला दिला. मक्ता म्हणजे काय? तर नव्या माणसाने पैसे भरल्याशिवाय माग मांडायचा नाही! पिढ्यान्‌पिढ्या हे चालले. १८६४ साली न्यायालयाने मक्ता मोडला, तेव्हा कुठे धंदा सर्वांना खुला झाला. पैठणीच्या गोष्टीत आपण पेशव्यांचे नाव हौसेने घेतो; या निकालाचे कुणी घेत नाही. मला तरी हे खटकते.

शिक्षकमंडळींनी एक करावे. कुणाकडे जुनी पैठणी असेल, तर पदर उलटून मुलांना दाखवावा. मोर, कुयरी, वेल दोन्ही बाजूंनी सारखीच! प्रत्येक रंगाची तिल्ली निराळी. विणकर ती हाताने नक्षीपुरतीच फिरवतो आणि शेजारच्या रंगाच्या धाग्यात गुंतवतो. म्हणून एका लुगड्याला महिनेच्या महिने लागतात. यंत्रमागावरच्या नकलेला मागून लोंबते नाहीतर कापलेले धागे असतात.

२०१० साली पैठणीला भौगोलिक मानांकन मिळाले. गिऱ्हाईक मात्र पदर उलटत नाही. किंमत तेवढी विचारते.