घरच्या कार्यशाळेसाठी लाकडाचा लेथ निवडताना

सावंतवाडीची लाकडी फळे, कर्नाटकातील चन्नपट्टणची खेळणी किंवा जुन्या वाड्यांतील कातीव कठडे, ही सारी लेथवरील कारागिरी होय. एकेकाळी कातारी कारागिरांपुरती मर्यादित असलेली ही कला आता शहरांतील हौशी मंडळींनाही आकर्षित करू लागली आहे. मात्र यंत्र घेण्यास निघालेला नवखा ग्राहक बहुधा किंमत आणि मोटरची अश्वशक्ती एवढीच चौकशी करतो. वास्तविक यंत्राची उपयुक्तता आणि सुरक्षितता प्रामुख्याने ठरते ती त्याची मापे, त्याचे वजन आणि ते किती हळू फिरू शकते, या तीन बाबींवर.

सर्वप्रथम, लोखंडाचा लेथ आणि लाकडाचा लेथ यांत गल्लत होऊ देऊ नये. लोखंडाच्या लेथवर हत्यार यंत्रातच घट्ट बसवलेले असते. लाकडाच्या लेथवर ते आधारपट्टीवर टेकवून हाताने धरावे लागते.

मापे : लेथच्या मध्यबिंदूपासून खालच्या बेडपर्यंतचे अंतर १५ सेंटीमीटर असेल, तर त्यावर जास्तीत जास्त ३० सेंटीमीटर व्यासाची वस्तू फिरू शकते. दुसरे माप दोन टोकांमधील अंतराचे. लाटणे, पेन, भोवरे यांसाठी ४० सेंटीमीटर पुरेसे असतात. टेबलाचे पाय कातायचे असतील तर किमान ७५ सेंटीमीटर हवेत. म्हणून काय बनवायचे आहे, हे आधी ठरवावे आणि मगच दुकानाची पायरी चढावी.

गती : वस्तूचा व्यास जितका मोठा, तितकी गती कमी हवी. इंचांतील व्यास आणि मिनिटाचे फेरे यांचा गुणाकार ६ ते ९ हजारांच्या दरम्यान असावा, असा साधारण ठोकताळा आहे. म्हणजे १० इंची वाडग्यासाठी ६०० ते ९०० फेरे. ओबडधोबड, असमतोल ओंडका तर याहूनही हळू फिरवावा लागतो. काही स्वस्त यंत्रांची किमान गतीच सातशे-आठशे फेऱ्यांच्या घरात असते. मोठ्या वाडग्यांसाठी ती निरुपयोगी ठरतात. चुकून हाच वाडगा ३,००० फेऱ्यांवर फिरला, तर त्याच्या कडेचा वेग ताशी १४० किलोमीटरपर्यंत जातो. अशा वेळी निसटलेला तुकडा थेट चेहऱ्यावर येऊ शकतो.

वजन : बिडाचा जड बेड कंपने शोषून घेतो. पत्र्याचे हलके यंत्र थरथरते, त्यामुळे काम खडबडीत होते आणि हत्यार अडकण्याची भीती वाढते. छोटा लेथ घेतल्यास तो भक्कम टेबलाला बोल्टने जखडावा. सदनिकेत राहणाऱ्यांनी खाली रबरी पट्टी घालावी. शेजाऱ्यांचाही दुवा मिळेल.

मोटर : छोट्या लेथला अर्धा ते पाऊण अश्वशक्ती पुरते. मोटर घरगुती सिंगल फेज विजेवर चालणारी आहे याची खात्री करावी. एक अश्वशक्ती वा त्याहून मोठ्या मोटरसाठी १५ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट आणि योग्य अर्थिंग हवे. इलेक्ट्रॉनिक गतिनियंत्रण सोयीचे असले, तरी कमी गतीला त्याची ताकद घटू शकते. म्हणून सोबत पट्टा बदलण्याची पुलीही असलेली बरी.

स्पिंडलचे आटे प्रचलित मापाचेच असावेत. अन्यथा पुढे चक मिळवताना दमछाक होते. अंदाजपत्रकातील सारी रक्कम यंत्रावर खर्च करणेही चुकीचे. हायस्पीड स्टीलच्या पटाश्या, धार लावण्याचे ग्राइंडर, चक आणि संपूर्ण चेहरा झाकणारे कवच यांसाठी पैसे राखून ठेवावेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या भुशाची गणना १९९५ मध्ये कर्करोगकारक पदार्थांत केली आहे. तेव्हा धूळरोधक मास्क आणि खेळती हवा हवीच. सैल बाह्या, ओढणी, बांगड्या व हातमोजे मात्र फिरत्या यंत्रापासून दूर ठेवावेत.

खरेदीपूर्वी यंत्र प्रत्यक्ष चालू करून पाहावे. दोन्ही टोकांचे बिंदू परस्परांसमोर अचूक येतात का, टेलस्टॉक घट्ट बसतो का आणि सर्वांत कमी गतीला यंत्र शांत चालते का, एवढे तपासले तरी पुढचा बराच मनस्ताप टळतो.