तुषारांतला बेडूक

कोयनेच्या विजेवर आमची पिढी वाढली, त्यामुळे धरणाविरुद्ध बोलायला माझी जीभ सहजी वळत नाही. तरीही मंडळी, टांझानियातल्या ह्या बेडकाची हकीकत वाचल्यापासून चैन नाही.

तिथे उडझुंग्वा डोंगरात किहान्सी नदीचा धबधबा आहे. त्याच्या तुषारांनी भिजणाऱ्या जेमतेम पाच एकर जागेत एक इंचभर, हळदीच्या रंगाचा टोड राहायचा. जगात दुसरीकडे कुठेच नाही! नेक्टोफ्रिनॉइड्स ही त्याची प्रजाती. गंमत म्हणजे ह्याची मादी पाण्यात अंडी घालत नाही, सरळ पिल्लंच देते. शेपटीवाल्या टॅडपोलची भानगडच नाही.

१९९६ साली तो सापडला, तोही धरणासाठी केलेल्या पाहणीत... म्हणजे बांधकाम सुरू झाल्यावर! २००० मध्ये नदी वीजघराकडे वळवली आणि धबधब्याचं नव्वद टक्के पाणी गेलं. गरीब देशाला वीज हवी होती, हेही खरंच. त्याच साली सुमारे पाचशे बेडूक अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांत नेले आणि पुढे दरीत नळ टाकून कृत्रिम तुषार उडवले. संख्या सावरली, तोच २००३ मध्ये ती एकदम कोसळली. बेडकांत कायट्रिड बुरशीही सापडली. २००९ मध्ये 'निसर्गातून नामशेष' असा शेरा बसला.

पण नेलेल्यांची वीण टिकली होती. २०१२ साली प्राणिसंग्रहालयांत वाढवलेले अडीच हजार बेडूक त्याच दरीत सोडले, नळाच्या तुषारांखाली. मूळचा धबधबा त्यांतल्या एकानेही पाहिलेला नव्हता.